अठ्ठेचाळीस विहिरी, एक चॅनेल

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील एका गावात मोसंबी उत्पादकांच्या गटासाठी आम्ही बसवलेल्या बिनतारी जाळ्याचे हे प्रकरण आहे. शिवारातल्या ४८ विहिरींवर, स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत, प्रत्येकी एक छोटे यंत्र बसवले होते. थ्री फेज वीज आली का, मोटर सुरू झाली का, ती किती अँपिअर घेत आहे आणि विहिरीत पाणी किती उरले आहे, एवढी माहिती वीस बाइटच्या संदेशात भरून ते यंत्र गावातल्या पाण्याच्या टाकीवरील गेटवेकडे, म्हणजे सगळ्यांचे संदेश गोळा करणाऱ्या यंत्राकडे, पाठवी आणि तिथून ती शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाई. टाकी गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवर, असल्यामुळे गेटवेला वीज बहुतेक वेळ मिळे. कृषिपंपांचा फीडर वेगळा. त्याला आठ तास वीज, आणि तीही काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी लागली की बॅटरी आणि काठी घेऊन दीड-दोन किलोमीटर चालत विहिरीवर जायचे, स्टार्टरच्या ऑटोने मोटर उचलली आहे ना हे पाहायचे आणि परत यायचे, ही फेरी वाचावी एवढीच गटाची अपेक्षा होती. मोटर जळू नये म्हणून लागणारे संरक्षण स्टार्टरमधल्या रिलेकडेच ठेवले होते, आणि ते तिथेच असावे असे माझे ठाम मत आहे. रेडिओच्या भरवशावर मोटर सोडू नये.

रेडिओ थोडी माहिती कमी विजेत लांबवर पाठवणाऱ्या लोरा पद्धतीचे होते आणि २००५ पासून आपल्याकडे परवानामुक्त असलेल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत होते. आठ चॅनेल एकाच वेळी ऐकणारा गेटवे गटाच्या अंदाजपत्रकात बसत नव्हता, म्हणून एकाच चॅनेलवर ऐकणारा साधा रेडिओ टाकीवर चढवला. प्रत्येक यंत्र दर पाच मिनिटांनी आणि वीज आल्या-गेल्यावर तत्काळ संदेश पाठवी. गेटवेची पोच आली नाही तर दहा सेकंदांनी पुन्हा पाठवी. चाचणीचे पंधरा दिवस सगळे सुरळीत चालले. त्या पंधरा दिवसांत आम्ही गावात नेहमी दुपारी, वीज येऊन तास-दोन तास झाल्यावर पोहोचत होतो, ही गोष्ट पुढे फार महाग पडली.

रात्री काय घडले

जानेवारीत आंबिया बहाराचा ताण तोडायची, म्हणजे फुलोऱ्यासाठी पाणी बंद ठेवलेल्या बागेला पुन्हा पाणी द्यायची, वेळ आली आणि त्याच आठवड्यात फीडर रात्रपाळीवर गेला. पहिल्या रात्री वीज आली, पण बहुतेकांच्या मोबाइलवर काहीच आले नाही. एक तात्या वाट पाहून शेवटी विहिरीवर गेले, तर मोटर व्यवस्थित चालू होती. दुसऱ्या रात्रीही मोबाइल गप्पच राहिला, तेव्हा यंत्र असेच करते असे समजून ते झोपले. त्या रात्री मात्र त्यांच्या डीपीवरचा एक फ्यूज खरोखरच उडाला होता आणि झाडांना पाणी मिळाले नव्हते. सकाळी टाकीखाली ते मला म्हणाले, “साहेब, तुमचं यंत्र खोटं बोलत नाही हो, पण गप्प बसलं की त्याचा अर्थ काय लावायचा ते तरी सांगा.” या प्रकरणातला खरा प्रश्न तोच होता, आणि तो मला पुढच्या महिनाभराने नीट कळला.

सुरुवातीला आम्ही अँटेनावर संशय घेतला. गावाजवळच्या सात-आठ विहिरींचे संदेश रात्रीही येत होते आणि ओढ्यापलीकडच्या विहिरींचे अजिबात येत नव्हते, त्यामुळे लांबच्यांची रेंज कमी पडते हा निष्कर्ष सगळ्यांनाच पटला. अँटेना बदलल्या, दोन ठिकाणी बांबूवर उंच केल्या. फरक पडला नाही. मग गेटवेच्या नोंदी काढून एका रात्रीचे संदेश सेकंदवार मांडले, तेव्हा दिसले की ओढ्यापलीकडची हीच यंत्रे रात्री बारानंतर नियमित बोलत होती. ती गप्प होती फक्त वीज आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. कमी रेंज घड्याळ पाहून येत-जात नाही.

हिशेब कागदावर मांडला तेव्हा कोडे उलगडले. आम्ही निवडलेल्या वेगाला, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर ९ (संदेश हवेत किती ताणायचा याचे माप) आणि १२५ किलोहर्ट्झ रुंदीला, वीस बाइटचा संदेश हवेत सुमारे १८५ मिलिसेकंद राहतो. आपापल्या मर्जीने बोला, टक्कर झाली तर पुन्हा बोला, ही पद्धत नवी नाही. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या अलोहा जाळ्याचे तेच तत्त्व होते आणि तिचे गणितही तेव्हापासून ठाऊक आहे. ४८ यंत्रे पाच मिनिटांत प्रत्येकी एकदा बोलली तर चॅनेल शंभरातला फक्त तीन हिस्से वेळ व्यापलेला असतो आणि शंभरातले सुमारे ९४ संदेश पहिल्याच प्रयत्नात सुखरूप पोहोचतात. चाचणीत आम्ही हेच पाहत होतो. मात्र या गणितात एक गृहीतक लपलेले आहे: बोलणारे एकमेकांपासून स्वतंत्र असतात, कोणी कधी तोंड उघडेल याचा दुसऱ्याशी संबंध नसतो. कृषी फीडरवर हे गृहीतक पार कोसळते. सबस्टेशनमध्ये एक ब्रेकर बंद होतो आणि ४८ पेट्यांमध्ये एकाच क्षणी वीज येते. यंत्रे जागी होण्यात चार सेकंदांचा फरक धरला तरी त्या चार सेकंदांत सुमारे नऊ सेकंदांचे बोलणे कोंबले जाते, आणि संदेश वाचण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक उरते. त्यावर आम्ही दहा सेकंदांनी पुन्हा पाठवण्याची जी सोय केली होती, तिने तोच घोळका दहा सेकंदांनी पुन्हा जसाच्या तसा आदळत होता. टाकीजवळच्या विहिरींचे संदेश त्यातूनही निसटत, कारण त्यांचा आवाज इतरांपेक्षा पुरेसा जोरकस होता आणि लोराचा रेडिओ अशा वेळी जोरकस संदेश उचलतो. लांबच्या विहिरी दुबळ्या आहेत असा आभास त्यामुळे निर्माण झाला होता.

दोन उपाय, दोन्ही अर्धवट

पहिला उपाय सोपा होता. वीज आल्यावर प्रत्येक यंत्राने थोडा वेळ यादृच्छिक थांबायचे आणि टक्कर झाल्यास दर खेपेला थांबण्याची मर्यादा वाढवायची. पहिल्याच प्रयत्नात शंभरातले नव्वद संदेश पोहोचावेत असे वाटत असेल तर ४८ यंत्रांना जवळपास तीन मिनिटांवर पसरावे लागते. हा उपाय वाईट नाही, आणि जिथे तीन-चार मिनिटांचा उशीर चालतो तिथे मी आजही तोच सुचवीन. इथे अडचण उशिराची नव्हती. उरलेले दहा संदेश कधी येतील हे सांगता येत नव्हते, आणि संदेश आला नाही म्हणजे मोटर सुरू झाली नाही की तो वाटेत हरवला, हा तात्यांचा प्रश्न जिथल्या तिथे राहत होता.

दुसरा उपाय म्हणजे बोलण्याआधी कानोसा घेणे. चॅनेलवर कोणी बोलत आहे का हे तपासण्याची सोय या रेडिओत असते. वायफायही मूलतः याच सभ्यतेवर चालते. परंतु आमच्या शिवाराच्या मधोमध मुरमाड माळ आहे. ओढ्याकडच्या उतारावरील विहीर आणि गावाकडच्या उतारावरील विहीर एकमेकींना ऐकू शकत नाहीत, आणि टाकी उंच असल्यामुळे तिला दोन्ही ऐकू येतात. दोघी प्रामाणिकपणे कानोसा घेतात, दोघींना शांतता दिसते, दोघी बोलतात आणि टक्कर टाकीवर होते. याला लपलेल्या यंत्राचा प्रश्न म्हणतात, आणि कानोसा कितीही बारकाईने घेतला तरी तो सुटत नाही, कारण संदेश आदळतात टाकीपाशी आणि कान लावलेला असतो विहिरीपाशी.

गटाच्या बैठकीत हे सांगत असताना कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरी केलेले एक नाना मागे बसले होते. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा याच तालुक्यातून पुढे घनसावंगी, परतूरकडे जातो, आणि चारीवर पाणी कोणी कधी घ्यायचे यावरून होणारी भांडणे मिटवण्यात नानांची हयात गेली होती. ते म्हणाले, “मग शेजपाळी लावा की. सगळ्यांनी एकदम दारं उघडली तर शेपटाला थेंब जात न्हाई, हे काय नवं हाय का?”

पाळी कशी बांधली

आम्ही जे बांधले ते खरे तर शेजपाळीपेक्षा सामाईक विहिरीच्या पाळीच्या जास्त जवळ जाते. शेजपाळीत एकाचे भिजून झाले की पुढचा दार उघडतो. सामाईक विहिरीत चार आणे हिस्सेदाराची पाळी त्याने मोटर लावो न लावो, घड्याळावर सुरू होते आणि घड्याळावर संपते. वेळेचे तुकडे पाडून चॅनेल वाटण्याच्या पद्धतीला टीडीएमए म्हणतात आणि आपल्या खिशातल्या जुन्या जीएसएम फोनमध्येही तीच होती: एका वाहक लहरीवर आठ पाळ्या, प्रत्येक पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची.

आमचे चक्र पंधरा सेकंदांचे आहे. सुरुवातीचा अर्धा सेकंद गेटवेचा, त्यात तो ‘चक्र आता सुरू होत आहे’ अशी हाक देतो, जिला बीकन म्हणतात. त्यानंतर ४८ यंत्रांना प्रत्येकी पाव सेकंदाची पाळी, म्हणजे बारा सेकंद. उरलेल्या अडीच सेकंदांत पाव सेकंदाच्या दहा मोकळ्या पाळ्या ठेवल्या, ज्यांत नवीन किंवा वाट चुकलेले यंत्र नशीब अजमावू शकते. या मोकळ्या पाळ्यांतही टक्कर होऊ शकते, परंतु पाळीच्या तोंडाशीच बोलायचे बंधन असल्यामुळे अर्धवट टक्कर होत नाही. साध्या अलोहात चॅनेलचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो, तो पाळ्या पाडल्यावर ३६.८ टक्क्यांपर्यंत जातो. पोच देण्याची पद्धतही बदलली. पूर्वी गेटवे प्रत्येकाला वेगळी पोच देई, आणि पोच देत असताना तो स्वतः बहिरा असे. आता मागच्या चक्रात कोणाकोणाचे ऐकू आले याचे ४८ होय-नाही बीकनमध्येच जातात. त्याला फक्त सहा बाइट लागतात.

यातून जे मिळाले त्याचा वेगाशी फारसा संबंध नाही. शिवार शांत असताना पूर्वी यंत्र लगेच बोलत असे; आता त्याला सरासरी साडेसात सेकंद पाळीची वाट पाहावी लागते, आणि कोणाला सांगण्यासारखे काही नसले तर त्याची पाळी वाया जाते. पण वीज असेपर्यंत सतरा क्रमांकाच्या यंत्राने प्रत्येक चक्रात हजेरी द्यायची, असे एकदा ठरले की त्याची पाळी लागोपाठ तीन चक्रे रिकामी गेल्यावर गेटवे खात्रीने म्हणू शकतो की सतरा नंबरच्या विहिरीवर काहीतरी बिघडले आहे, कारण त्या वेळेत दुसरे कोणी बोलतच नव्हते. तात्यांच्या मोबाइलवर आता ‘मोटर सुरू’, ‘वीज आहे, मोटर बंद’ किंवा ‘यंत्राशी संपर्क नाही, जाऊन पाहा’ यांपैकी एक ओळ वीज आल्यावर मिनिटभरात येते. गप्प बसण्याला अर्थ आला.

पाव सेकंदाच्या पाळीतून १८५ मिलिसेकंद संदेशाचे वजा केले की ६५ उरतात. हा पाळ्यांमधला बांध. तो मागे-पुढे निम्मा ठेवला, म्हणजे यंत्राचे घड्याळ दोन्ही बाजूंना सुमारे ३२ मिलिसेकंद चुकले तरी चालावे. रेडिओ लहरीला अंतर कापायला लागणारा वेळ इथे मोजण्यासारखा नाही. तीन किलोमीटरला दहा मायक्रोसेकंद लागतात. जीएसएममध्ये पाळीच इतकी छोटी होती की ३५ किलोमीटरपर्यंतच्या फोनला अंतराप्रमाणे आधी बोलायला सांगावे लागे. आम्हाला ती चिंता नव्हती. आमची चिंता घड्याळाची असायला हवी होती, आणि तिथेच आम्ही चुकलो.

वीज नसताना यंत्र छोट्या बॅटरीवर झोपते आणि अधूनमधून उठून बीकनशी घड्याळ जुळवते, म्हणजे वीज आल्याबरोबर त्याला आपली पाळी माहीत असते. बॅटरी वाचावी म्हणून आम्ही वीस मिनिटांनी एकदा उठायचे ठरवले. घड्याळाची चाल ठरवणाऱ्या स्फटिकाच्या माहितीपत्रकात दशलक्ष सेकंदांत वीस सेकंदांची चूक लिहिलेली होती; वीस मिनिटांत ती २४ मिलिसेकंद होते आणि ३२ च्या आत बसते. फेब्रुवारी, मार्च निर्विघ्न गेले. मे महिन्यात, फीडर दिवसपाळीवर असताना, तेवीस नंबरची विहीर वीज आल्यावरच्या चक्रांत हुकू लागली. ती कडुनिंबाखाली आहे, म्हणून फांद्यांनी सिग्नल अडतो असा पहिला कयास झाला आणि मालकाने दोन फांद्या तोडल्यासुद्धा.

फांद्या निष्पाप होत्या. दोष तेवीसचा नव्हताच. तो बावीसचा होता, आणि बावीस नंबरची पेटी उघड्या माळावर उन्हात होती. तिच्या आतले तापमान दुपारी ६० अंशांच्या आसपास जात होते. घड्याळासाठी वापरला जाणारा ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत अचूक असतो आणि तिथून तापमान जितके दूर जाईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो. ३५ अंशांच्या फरकाला दशलक्षात सुमारे ४२ भाग. मूळची वीस आणि ही ४२ मिळून ६२ झाली, म्हणजे वीस मिनिटांत ७४ मिलिसेकंद, आणि मधला एक बीकन हुकला तर त्याच्या दुप्पट. बावीसचा संदेश बांध ओलांडून तेवीसच्या वावरात शिरत होता. तेवीसची पेटी सावलीत थंड असल्यामुळे तिचे घड्याळ बरोबर चालले होते, आणि म्हणूनच टक्कर होत होती. दोघी सारख्याच तापल्या असत्या तर दोघी सारख्याच मागे पडल्या असत्या आणि आम्हाला कदाचित कधीच कळले नसते.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर केली. झोपेतले उठणे वीस मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणले, त्यामुळे सर्वांत वाईट चूक १९ मिलिसेकंदांच्या आत राहते. शिवाय प्रत्येक बीकनला यंत्र आपण किती मागे-पुढे होतो हे मोजून स्वतःच्या घड्याळाची चाल सुधारते. लागोपाठ दोन ठरलेले बीकन ऐकू आले नाहीत तर यंत्राने आपल्या पाळीत बोलायचे नाही, आधी ऐकायचे, असा नियम घातला. हा नियम मी पहिल्या दिवशीच घालायला हवा होता. वेळ माहीत नसलेला भिडू नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो शेजाऱ्याचेही नुकसान करतो.

वायरमनने केलेला बदल

जूनमध्ये एक विचित्र प्रकार घडला. नऊ आणि एकतीस या दोन विहिरी एकाच दिवशी गप्प झाल्या. चौकशीत निघाले की नऊ नंबरच्या यंत्राचे कनेक्शन जळाले म्हणून वायरमनने ते काढून नेले होते आणि आमच्याकडून आलेले बदली यंत्र बसवले होते. ते बदली यंत्र पूर्वी एकतीसवर बसून दुरुस्तीला आलेले होते आणि त्याच्या स्मृतीत एकतीसची पाळी तशीच कोरलेली होती. एका पाळीत दोघे बोलत होते, आणि पाळ्यांच्या पद्धतीत ही टक्कर योगायोगाने कधीतरी होत नाही, ती दर पंधरा सेकंदांनी नेमाने होते. अलोहात हीच दोन यंत्रे कशीबशी चालली असती. दोष वायरमनचा नव्हता. पाळी यंत्रात लिहून ठेवायची आणि तिची यादी माझ्या वहीत, ही रचनाच कच्ची होती. आता पाळी गेटवे वाटतो: यंत्र मोकळ्या पाळीत आपला ओळख क्रमांक सांगते, पुढच्या बीकनमध्ये त्याला पाळी मिळते, आणि ते तासभर दिसले नाही तर पाळी परत घेतली जाते. वीज नसलेल्या काळातही ती टिकावी म्हणून झोपलेले यंत्र अर्ध्या तासाला एकदा आपल्या पाळीत हजेरी देते.

पाळी क्रमांक एक कोणाला, यावरून बैठकीत अर्धा तास गेला. पहिल्या आणि शेवटच्या पाळीत फरक जेमतेम बारा सेकंदांचा आहे आणि चक्र अखंड फिरत असल्याने त्यालाही अर्थ नाही, हे मी दोनदा समजावले. शेवटी नानांनी सुचवले की कालव्यावर जशी सुरुवात शेपटापासून करतात तशी ओढ्यापलीकडच्या विहिरींपासून करावी, आणि ते सर्वांना मान्य झाले. तांत्रिकदृष्ट्या त्याने काहीही बदलले नाही. नोंदी वाचताना मात्र लांबच्या विहिरी यादीत वर दिसतात, आणि सकाळी माझी नजर आधी तिकडेच जाते.

दिवाळीनंतर गटात पाच नवे शेतकरी आले. ४८ पाळ्या भरलेल्या असल्यामुळे दोन मार्ग होते: मोकळ्या पाळ्यांपैकी पाच कायमच्या देऊन टाकायच्या किंवा चक्र लांबवायचे. मोकळ्या पाळ्या निम्म्या केल्या असत्या तर मोठ्या बिघाडानंतर सगळी यंत्रे एकदम परत यायला पाहतील तेव्हा तिथेच पहिल्या रात्रीसारखी गर्दी झाली असती. म्हणून चक्र सतरा सेकंदांचे केले. त्यात पाव सेकंदाच्या आठ पाळ्या वाढल्या, पाच वापरात आल्या आणि तीन शिल्लक आहेत. शेजारच्या गावानेही हेच मागितले आहे. त्यांची टाकी आमच्या टाकीवरून दिसते, आणि दोन बीकनांची घड्याळे एकमेकांशी बांधलेली नसल्यामुळे त्यांच्या पाळ्या आमच्या पाळ्यांवरून हळूहळू सरकत जातील. त्यांना ४०० किलोहर्ट्झ बाजूला, वेगळ्या चॅनेलवर बसवायचे ठरले आहे.